कोकराचं नाणं

२ ऑक्टोबर १९३४

आलो एकदाचा गॉटलंडला. बोटीत रात्रभर काही खाल्लं नाही, पण विस्बीच्या धक्क्यावर पाय ठेवला आणि तोंडाला चव आली. तिथून छोट्या आगगाडीने हालवेडेपर्यंत. ही गाडी इतक्या सावकाश चालते की मधेच एक बाई खाली उतरली, कुंपणापलीकडच्या मैत्रिणीला अंडी दिली आणि चालत्या गाडीत परत चढली. मला मोठ्याने हसू आलं. स्टॉकहोममध्ये शेवटचं कधी हसलो होतो ते आठवत नाही.

स्टेशनवर बोटिल्डाबाई घोडागाडी घेऊन आल्या होत्या. मास्तरांसाठीच्या घराचं छप्पर गळतंय, म्हणून ते दुरुस्त होईपर्यंत मी यांच्या स्टांगार्वेच्या शेतावर राहायचं, असं पंचायतीने ठरवलंय. बाई साठीच्या असतील. विधवा, खांद्याने रुंद, आवाज शेताच्या या टोकाकडून त्या टोकाला जाईल असा. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "एवढेच का? आधीचे मास्तर गाडीत बसले की घोडा मागे वळून बघायचा."

मुलांना शिकवायचं आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, अशी ही दुहेरी नोकरी. पगार बेताचा. पण वरच्या मजल्यावरची माझी खोली कोरडी आहे, शेगडीचा धूर नीट वर जातो आणि खिडकीतून सबंध बीटचं शेत दिसतं. जेवायला स्मोक केलेला मासा होता, मागून केशर घातलेला तांदळाचा जाड गोड पोळा आणि त्यावर काळ्या बोरांचा मुरांबा. घरची बिअरही होती, धुराच्या वासाची. पहिल्या घोटाला वाटलं की चूल पितोय. तिसऱ्या घोटाला वाटलं, इथेच राहावं.

नाण्यांची पेटी सुखरूप पोहोचली. खिडकीजवळच्या टेबलावर ठेवली आहे. मी खूश आहे. हे वाक्य मुद्दाम लिहून ठेवतो.

७ ऑक्टोबर

पहिला रविवार पार पडला. ऑर्गनचा भाता मारायला होकन असतो. घंटाही तोच वाजवतो, थडगीही तोच खणतो आणि उरलेल्या वेळात शेजारचं शेत कसतो. तिसऱ्या स्तोत्राच्या मधे त्याला डुलकी लागली आणि ऑर्गनने मान टाकली. कोणी हसलं नाही. इथे ही रोजचीच गोष्ट दिसते.

संध्याकाळी बाईंना माझी पेटी दाखवली. मखमलीवर मांडलेली चांदी. अरबांची, जर्मनांची आणि इंग्लंडच्या एथेलरेड राजाची, जी त्याने हजार वर्षांपूर्वी वायकिंग लुटारूंना 'घ्या आणि निघून जा' म्हणून पोत्यांनी मोजून दिली. ती घेऊन आमचे पूर्वज इथे आले, त्यांनी ती जमिनीत पुरली आणि तिथेच विसरले. बाईंना वाटलं होतं मी चष्म्याच्या काचा जमवतो. त्यांनी एक नाणं नखावर घेतलं, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "याला चावे आहेत."

आहेतच. वायकिंग माणूस नाण्यावरचा राजा बघत नसे. चाकूच्या टोकाने नाण्याला बारीकसा टोचा मारायचा, चंद्रकोरीसारखा. चांदी असेल तर चाकू मऊ आत जातो आणि आतही पांढरंच दिसतं. तरीही संशय असला तर नाणं वाकवून बघायचं. चांदी वाकते, तुटत नाही. मग खिशातली घडीची तागडी काढायची आणि तोलायचं. जितके हात, तितके टोचे. बाई म्हणाल्या, माणसांचंही असंच करायला हवं होतं, लग्नाआधी.

आज मला ऑरेलबद्दल लिहायचं नव्हतं, पण लिहितोच.

डॉक्टर ऑरेल हा आमच्या नाणेमंडळाचा अध्यक्ष. माझ्यासारख्या शाळामास्तराला त्या मंडळात शेवटच्या खुर्चीवर बसू देत. एकदा लिलावात कोकराचं नाणं आलं. एथेलरेडला वायकिंगांनी अगदी जेरीला आणलं तेव्हा त्याने नाण्यावर स्वतःचं तोंड छापणं सोडून देवाचं कोकरू छापलं आणि मागच्या बाजूला कबुतर. देवा, आता तूच बघ, असा अर्थ. फार थोडी पाडली आणि त्यातली बहुतेक वायकिंगांच्याच खिशात गेली. जगात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली असतील. ऑरेलने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "घ्या, टेंगवालमास्तर, अशी संधी परत येत नाही." मी वडिलांचं घड्याळ विकलं, त्या हिवाळ्यात ओव्हरकोट शिवला नाही आणि ते घेतलं. पुढच्या बैठकीत त्याने सगळ्यांसमोर हसत हसत चाकू काढला, पूर्वजांच्या पद्धतीने बघू या म्हणाला आणि टोचा मारला. आत करडं शिसं. सगळी खोली हसली. मग तो म्हणाला, "अगदी तुमच्यासारखं आहे, मास्तर. वरून पॉलिश आणि आत शिसं." नंतर कळलं की ते लिलावात ठेवलं होतं त्यानेच.

ते शिशाचं कोकरू मी फेकलं नाही. वेस्टकोटाच्या खिशात ठेवतो. रोज हात लागतो. दुखरा दात जिभेने चाचपावा तसं.

१३ ऑक्टोबर

दार आतून लावून लिहितोय. आनंदात आहे.

आज शाळेला सुट्टी आणि बीट काढायचा दिवस. बाईंनी मला विचारलंच नाही, बूट पुढे ठेवले. होकन घोडा आणि नांगर चालवत होता, आम्ही दोघं मागून बीट उपटून माती झटकत होतो. कंबर मोडली. काटेरी झुडपाजवळच्या सरीत मी एक बीट उपटलं आणि त्याच्या मुळांच्या जाळ्यात पांढरं काहीतरी अडकलेलं दिसलं.

बाईंचं लक्ष गेलं. त्यांनी जवळ येऊन बघितलं नाही, उलट तोंड फिरवलं. म्हणाल्या, "चांदी आहे ना? पहिली आहे या वर्षाची. ती त्याची. जिथून निघाली तिथेच परत ठेवा, आपल्या हाताने, आणि माती ओढा. त्याला कोणी बघायचं नसतं." मी विचारलं, त्याची म्हणजे कोणाची? म्हणाल्या, "ज्याने पुरली त्याची. माणूस स्वतःच्या हाताने जे पुरतो तेवढंच त्याला पलीकडे मिळतं. वर्षाचं पहिलं त्याचं. नंतर निघेल ते सरकारचं. आणि आपलं काय, तर बीट." होकननेही टोपी काढून पाठ वळवली. दोघं तसेच उभे राहिले, प्रार्थनेला उभं राहावं तसे.

मी अंगठ्याने माती पुसली. कोकरू. पायाशी पुस्तक, पाठीवर क्रूस. उलटं केलं, तर कबुतर, पंख पसरलेलं.

दोघांच्याही पाठी माझ्याकडे होत्या.

मी वेस्टकोटाच्या खिशातलं काढलं, ते सरीत ठेवलं आणि माती ओढली. मग म्हणालो, झालं.

चोरी म्हणावं तर त्या सरीतही आता एक कोकरूच आहे. मेलेल्या माणसाला भिंग कुठून मिळणार?

१४ ऑक्टोबर

ऑर्गन आज इतका छान वाजवला की पाद्रीबोवा दारात थांबून हात हातात घेऊन गेले.

नाणं भिंगाखाली तासन्‌तास बघितलं. कडेला एकही टोचा नाही, म्हणजे हे हातोहात फिरलेलंच नाही. ज्याने पुरलं त्याला ते थेट इंग्लंडात मिळालं असणार आणि त्याने ते तपासलंही नाही. का, ते मला समजतं. इतकं सुंदर आहे की चाकू उचलला नसेल.

ऑरेलला पत्र टाकलं. चार ओळी. माझ्याकडे कोकराचं नाणं आहे, खरं आहे. या आणि तुमचा चाकू घेऊन या. त्याचा चेहरा मला बघायचाय. तेवढंच. नंतर मी नाणं सरीत परत ठेवीन, किंवा सरकारकडे देईन, जे काय योग्य असेल ते. पण आधी त्याने इथे या टेबलापाशी बसून मान खाली घालायची. इतकी वर्षं मी हे एकच मागतोय.

२० ऑक्टोबर

बाईंच्या लग्नातले चांदीचे चमचे आहेत, रविवारच्या कॉफीसाठी. त्या आज घासायला बसल्या आणि मला हाक मारली. प्रत्येक चमच्याच्या कडेला बारीक टोचा. चंद्रकोरीसारखा. म्हणाल्या, "मास्तर, भूक लागली तर सांगायचं असतं. चमचे चावायचे नसतात." मी हसलो. त्याही हसल्या. मग त्यांनी कॉफीची किटली उचलली आणि त्यांचं हसू थांबलं. किटलीच्या झाकणालाही टोचा होता.

त्यांनी विचारलं, ते नाणं तुम्ही परत ठेवलंत ना, नीट? मी म्हणालो, तुमच्यासमोरच तर ठेवलं. म्हणाल्या, माझी पाठ होती.

मी ठेवलं, असं म्हणालो. खोटं नव्हतं ते.

२३ ऑक्टोबर

ऑरेलचं उत्तर नाही.

शाळेत आज सगळी मुलं खाली मान घालून लिहीत होती. अगदी शांत होतं. आणि त्या शांततेत टिंग असा आवाज आला, दोन लहान वाट्या एकमेकींना लागाव्यात तसा. मग परत. मी विचारलं, कोण करतंय? मुलांनी वर बघितलं. त्यांना काही ऐकूच आलं नव्हतं. तो आवाज मला चांगला माहीत आहे. माझ्याकडे जुन्या तागडीची दोन पारडी आहेत आणि ती अशीच वाजतात. पण ती घरी आहेत, पेटीत.

घरी येऊन पेटी उघडली. कोकरू जागेवर आहे. बाकीच्या प्रत्येक नाण्याला एक नवा टोचा आहे. जुन्या टोच्यांत मळ असतो. हे चकचकीत आहेत.

फक्त कोकराला नाही. त्याला हातही लावलेला नाही.

२५ ऑक्टोबर

बाईंनी आज त्यांच्या नवऱ्याचं सांगितलं, पेट्रुसचं. न विचारता सांगितलं, बटाटे सोलता सोलता. एका वर्षी कुंपणाला खर्च आला म्हणून त्याने पहिलं नाणं परत ठेवलं नाही, विस्बीला नेऊन विकलं. त्या हिवाळ्यात तो गेला. गावाला सांगितलं, खोकल्याने. "खोकला होताच," बाई म्हणाल्या. "पण शवपेटी उचलणाऱ्यांना ती हलकी लागली. होकनला विचारा. चौघं होते, पण दोघांनी उचलली असती." मग पुढचा बटाटा उचलला आणि म्हणाल्या, "मी झाकण उघडून बघितलं नाही. बघायला हवं होतं का, मास्तर?"

सांगून टाकावं असं खरंच वाटलं. तोंड उघडलंही. पण ऑरेल या आठवड्यात नक्की येईल. थोडेच दिवस राहिलेत.

होकनला काही विचारलं नाही.

२८ ऑक्टोबर

चर्च भरलेलं होतं. पाद्रीबोवांनी खूण केली, मी ऑर्गनचं झाकण उघडलं, आणि मधल्या पट्ट्यांवर ते पडलं होतं. माझं शिशाचं कोकरू. बरोबर मधोमध कापलेलं, दोन तुकडे, कापलेली बाजू वर. करडी.

मातीचे कण चिकटलेले होते. ओले.

होकन म्हणाला, झाकण त्यानेच सकाळी पुसलं होतं. वाजवा ना, लोक थांबलेत. मी वाजवलं. काय वाजवलं देव जाणे. खाली लोक वळून वळून वर बघत होते आणि बाई सगळ्यांच्या पुढच्या बाकावर ताठ बसल्या होत्या. त्या वळल्या नाहीत.

म्हणजे ज्याने पुरलं त्याला कळलं. त्याने तपासलं, कापलं आणि परत आणून दिलं. आमच्या मंडळातही खोटं नाणं असंच परत करायची पद्धत होती. सगळ्यांसमोर.

३१ ऑक्टोबर

इथे प्रत्येक शेताच्या मेंढ्यांच्या कानाला त्या शेताची खाच असते, ओळखीची. आज बाईंनी मेंढ्या गोठ्यात घेतल्या तर सगळ्यांच्या कानाला दुसरी खाच. ताजी. चंद्रकोर. कोंबड्यांच्या तुऱ्याला. घोड्याच्या खुराला. रक्त सुकलेलं. एकही जनावर ओरडलं नव्हतं, आम्ही घरातच होतो, दिवसाढवळ्या.

बाई म्हणाल्या, तो घरातलं सगळं बघतोय. खरं काय, खोटं काय. त्याला कोणीतरी फसवलंय. ज्याने एकदा खोटं दिलं त्याच्या दारातलं सगळंच तपासावं लागतं. हे त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या. मग बाही वर केली. मनगटाच्या वर टोचा होता. लाल. त्यातून अजून रक्त येत होतं.

"आता सांगा, मास्तर. मी रागवणार नाही. दोघं जाऊन ठेवून येऊ."

मी सांगितलं नाही.

मी नीच आहे. लिहितो. पण पत्र आज येईल, उद्या येईल—

२ नोव्हेंबर

उजव्या हाताच्या सगळ्या नखांना. झोपेत नाही. फळ्यावर लिहीत होतो. खडू खाली पडला म्हणून वाकलो, उठलो, तर पाचही नखांना टोचे. दुखलं नाही.

आरशात दात बघितले. पुढच्या दोन दातांनाही.

आणि एक गोष्ट. रक्त नाही. कुठेच नाही.

४ नोव्हेंबर

ऑर्गन वाजवायला गेलो नाही, आजारी आहे असं कळवलं. बाईंनी दार ठोठावलं. आत आल्या नाहीत. बाहेरूनच म्हणाल्या, लग्नातली चांदीची पिन आहे माझ्याकडे, आईची. ती मी तुमच्या नावाने सरीत ठेवते. तो घेईल न घेईल. तुम्हाला जमत नाही ना, मग मी करते. तुम्ही खिडकीत बसा.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी म्हणालो, नका जाऊ. त्या म्हणाल्या, मग तुम्ही जा.

मी दार उघडलं नाही.

६ नोव्हेंबर

खिडकीतून बघितलं. सगळं बघितलं. धुकं होतं पण दुपार होती.

बाई काटेरी झुडपाजवळ गुडघ्यांवर बसल्या. पिन ठेवली, माती ओढली, तोंड फिरवलं, जसं फिरवायचं असतं तसं. मग त्या उचलल्या गेल्या. कोणी नव्हतं. दोन बाजूंनी धरल्यासारख्या, खांदे आणि पाय, आणि मधून वाकवल्या. मागे. हळूहळू. घाई नाही. नाणं वाकवतात तसं, अंगठ्यांनी, तुटतंय का बघत. मग परत सरळ केल्या आणि खाली ठेवल्या.

ओरडल्या नाहीत त्या. माझं नाव घेतलं. मास्तर, असं.

मी जिना उतरलो नाही. होकन धावत आला. मी जिना उतरलो नाही—

८ नोव्हेंबर

जिवंत आहेत. विस्बीला नेलं. डॉक्टर म्हणतात, पाठ कशी मोडली नाही समजत नाही. होकनने सांगितलं. पिन त्यांच्या मुठीत होती, एका टोच्यासह. त्याला ती नको होती. फक्त बघितली.

वाकल्या, तुटल्या नाहीत. खऱ्या निघाल्या. त्यांना सोडलं.

आता घरात मी एकटा. पुरतं न तपासलेलं एवढंच राहिलंय, मी आणि कोकरू.

९ नोव्हेंबर

पत्र आलं.

उतरवून ठेवतो. 'आपल्या पत्राबद्दल आभार. आपण कोण ते मात्र लक्षात येत नाही. नाण्यांचा नाद मी केव्हाच सोडला, संग्रह विकला. हल्ली ऑर्किडची झाडं लावतो. फार समाधान देतात. आपलं नाणं खरं असेल तर अभिनंदन. ऑरेल.'

लक्षात येत नाही.

वडिलांचं घड्याळ. तो हिवाळा. सगळी खोली हसली होती. रोज खिशात हात जायचा, रोज, आणि त्याच्या— लक्षात येत नाही. ऑर्किड. बाईंची पाठ मी या माणसासाठी— याच्यासाठी—

जातो आता. ठेवून येतो.

त्याच दिवशी

होकनने शेत नांगरलंय. बाईंवर उपकार म्हणून. सगळी माती उलटीपालटी. झुडूपही काढलंय. सरी कुठली, कळत नाही.

कुठेतरी ठेवलं. दोन्ही हातांनी खणून ठेवलं. म्हणालो, हे तुझं, खरं आहे, चुकलो. पाठ वळवली. टिंग. वळलो नाही. चालत घरी आलो.

टेबलावर आहे. माझ्या आधी पोहोचलंय. कोकराच्या कडेला टोचा. पहिला. आत पांढरं, स्वच्छ.

नाणं खरं निघालं. मग परत का? परत का दिलं? त्याला— नाणं बघून झालं. आता देणारा—

खोलीत ओल्या मातीचा वास.

नख उचकटून बघितलं. डाव्या अंगठ्याचं. बाईंचं लाल होतं. मेंढ्यांचंसुद्धा लाल. माझं आत करडं. खोल दाबलं, चाकूने. करडं. मऊ. दुखत नाही. तो म्हणाला होता. वरून पॉलिश आणि— नाही. तो विसरला. त्याला आठवतही नाही, मग त्याचं खरं कसं—

टिंग.

मागे आहे. लिहीत राहतो. लिहितोय तोवर—

खांद्यावर हात. जड. थंड. दुसरा गुडघ्याखाली.

हळू करतोय. घाई नाही त्याला.

चांदी वाकते. बाई वाकल्या. मी पण वाकेन, बघ, वाकतोय. तुटणार नाही. मी चांदीच आहे, आत बघ नीट, मी चां